हातोड्यासाठी चार ओळी

सोमवार, ४ जानेवारी

हातोडा गेला!

सकाळी मी पालिकेच्या टपालावर शिक्के मारत होतो. शिपाई धापा टाकत आला – "साहेब गेले! जिन्यात कोसळले, जागीच!" माझा हात तसाच वर राहिला. अहो, परवाच तर लिफ्ट बंद म्हणून अख्खं ऑफिस डोक्यावर घेतलं होतं त्यांनी! बासष्ट म्हणजे काही वय नाही. तब्येत ठणठणीत. विश्वासच बसत नाही.

नगराध्यक्ष असताना या माणसाने इतक्या वस्त्या पाडल्या की लोक खरं नाव विसरले, हातोडाच म्हणू लागले. अर्ध्या शहराचा देव, अर्ध्या शहराचा वैरी.

दुपारी सचिवांनी बोलावलं. "शुक्रवारी सभा. शोकप्रस्ताव तुम्हीच लिहा, चार ओळी. आणि नियम लक्षात आहे ना?" आहे की. नोंदीत नाही ते प्रस्तावात नाही. मागे एका मयत सदस्याला आम्ही वाचनालयाचा संस्थापक करून टाकलं होतं आणि खरा संस्थापक समोर बसून ऐकत होता! तेव्हापासून प्रत्येक वाक्याला कागद जोडावा लागतो.

घरी ताईला काही बोललो नाही.

मंगळवार, ५ जानेवारी

तिला कालच कळलं होतं. माझ्या डब्याचं झाकण लावता लावता म्हणाली, "मेला ना तो? प्रस्ताव कोण लिहिणार?" मी बुटांची नाडी बांधत बसलो. "म्हणजे तूच! हे बघ, त्याच्याबद्दल एक बरा शब्द लिहिलास तर मी या घरात राहायची नाही. सांगून ठेवते."

तिचं काय चुकलं? अकरा वर्षांपूर्वी, ऐन डिसेंबरात हातोड्याने नदीकाठची वस्ती पाडली. ताईचं घर त्यातच. भावोजी दोन रात्री उघड्यावर सामान राखत बसले. छातीत सर्दी भरली आणि आठवड्यात गेले. तेव्हापासून ताई माझ्याकडे. आईच्या मागे मला तिनेच वाढवलं. ती निघून गेली तर मी एकटा या घरात काय करू?

बुधवार, ६ जानेवारी

प्रस्ताव एकमताने व्हावा लागतो, म्हणून मसुदा आधी दोन्ही बाजूंना दाखवायचा. 'लोकप्रिय' लिहिलं – विरोधी बाकांवरच्या बाई म्हणाल्या, "कुठल्या लोकांत?" 'कर्तव्यकठोर' लिहिलं – त्यांच्याच पक्षाचे लोक म्हणाले, "टोमणा मारताय का हो?" 'धडाडीचे' दोघांनीही खोडलं. आता कागदावर फक्त जन्मतारीख उरली आहे!

सचिव म्हणाले, "जुन्या फायली उपसा. माणूस आहे, काहीतरी चांगलं केलंच असेल."

गुरुवार, ७ जानेवारी

आजचं सगळं लिहून ठेवतो.

नदीकाठच्या वस्तीची फाईल मी आजवर कधी उघडली नव्हती. आज उघडली. त्यात हातोड्याच्या सहीचं पत्र – "थंडी संपेपर्यंत पाडकाम थांबवावे." तारीख १२ डिसेंबर. पाडकाम झालं १७ला! मला वाटलं, वाचण्यात चूक झाली. चष्मा पुसून परत वाचलं. मग खाली जावक क्रमांक पाहिला. तारीख १९. अक्षर माझं.

माझं!

तेव्हा जावक टेबल माझ्याकडे होतं. पाडकाम खातं शहराच्या दुसऱ्या टोकाला. रोज कोण जाणार, म्हणून मी त्यांचं टपाल साठवायचो आणि आठवड्यातून एकदा सगळा गठ्ठा पाठवायचो. लाल चिठ्ठी असली तरच लगेच. या पत्राला कुणी लाल चिठ्ठी लावली नव्हती आणि मी ते उघडून वाचलं नव्हतं. आठवडाभर ते माझ्या कोपराखाली पडून होतं. आणि मला ते पत्र आठवतसुद्धा नाही! कितीही डोकं खाजवलं तरी आठवत नाही. माझे भावोजी मीच घालवले.

फाईलच्या शेवटी तेव्हाच्या सचिवांची टिप्पणी – जावक कारकुनाला नोटीस काढावी का? त्याखाली हातोड्याचं गिचमिड अक्षर – "नको. जबाबदारी माझी." लोकांनी त्याच्या दारात दगड मारले, पेपरवाल्यांनी सोलून काढला. या माणसाने तोंडातून चकार शब्द काढला नाही.

तो काही संत नव्हता. थंडी सरल्यावर वस्ती पाडणारच होता. बाकीच्या पाडल्याच. पण मला वाचवलं, आणि मी अकरा वर्षं त्याला शिव्या देत जेवलो.

शुक्रवार, ८ जानेवारी

एकच ओळ वाढवली. "हाताखालच्या माणसाची चूक त्यांनी स्वतःवर घेतली."

सचिवांनी विचारलं, "कागद?" मी फाईल पुढे केली. ते वाचत गेले, जावक क्रमांकापाशी थांबले. माझ्याकडे बघितलं. मग विचारलं, "घरी सांगितलंत?"

मी मान हलवली. नाही.

सभेत सगळे उभे राहिले. त्या ओळीला कुणीच हरकत घेतली नाही. विरोधी बाकांवरच्या बाईसुद्धा मान खाली घालून उभ्या होत्या.

घरी आलो, ताई दार उघडायला आली, आणि मी सरळ हातपाय धुवायला न्हाणीत गेलो. उद्या सांगतो. काही झालं तरी उद्या.

शनिवार, ९ जानेवारी

सांगितलं. सगळं.

ताई रडली नाही. म्हणाली, "मला माहीत आहे. तुझे भावोजी गेल्यावर मी हातोड्याच्या ऑफिसात शिव्या द्यायला गेले होते. तो म्हणाला, पत्र काढलं होतं, वेळेत पोचलं नाही, नाव विचारू नका. नाव कशाला विचारू? टपाल कोण पाठवतं ते मला ठाऊक नव्हतं का? कुणावर तरी राग धरायला हवाच होता रे. तुझ्यावर धरला असता, तर तुझ्या घरात राहिले कशी असते?"