वधूपित्याचं अत्तर

४ ऑगस्ट, सोमवार
शनिवारी सोलांजचं लग्न. चर्चमध्ये लेकीला हात देऊन वेदीपर्यंत चालायचं, म्हणजे अत्तर नेमकं हवं. कलोन न्हाव्याकडचं. ओ द त्वालेत त्याहून तेज, ओ द पार्फां त्याहून, एक्स्त्रे सगळ्यांत जहाल. आमच्या तीन पिढ्या इथे, अत्तरांच्या गावी ग्रासमध्ये, कारखान्यात जाईचा अर्क काढत होत्या, मला कोण शिकवणार? निर्णय: ओ द त्वालेत. साधं, खानदानी.

५ ऑगस्ट
फवारलं. वासच नाही. शुद्ध फ्रॉड! दुकानात जाऊन अत्तरवाल्या इस्नारला झाप झाप झापलं. नाकाला रुमाल लावून म्हणतो, मेस्यू, तुमच्याआधी तुमचा वास आत आला. चोराच्या उलट्या बोंबा. ओ द पार्फां घेतलं.

६ ऑगस्ट
हेही पाणचट. मानेला, मनगटांना, जॅकेटच्या अस्तरालाही लावलं. दुपारी बायको उशी उचलून बाहेरच्या खोलीत गेली. म्हणाली, अमेदे, मी माणसाशी लग्न केलंय, अत्तराच्या गोदामाशी नाही. जोसेटला पहिल्यापासून कशातलं काही कळत नाही.

७ ऑगस्ट
एक्स्त्रे आणलं. इस्नार म्हणाला, कानामागे एकच थेंब, दिवसभर टिकेल. मला शिकवतो! अर्धी बाटली ओतली तेव्हा कुठे किंचित जाणवलं. बेकरीत रेबोबाईंनी पाव दारातच हातात कोंबला. अख्ख्या गावाची नाकं बिघडलीत.

संध्याकाळी सोलांजचा फोन. प्रयोगशाळेत अत्तरं हुंगायची नोकरी करते म्हणून बापाला सुनावते: पप्पा, शनिवारी काही लावायचं नाही. ग्रासमध्ये वधूपित्यानं बिनवासाचं चालायचं? त्यापेक्षा विजार न घालता येतो, म्हणालो. मग मी मामाबरोबर चालेन, म्हणाली. मामाबरोबर! तो बटाटे विकतो! संताप संताप झाला. फोन आपटला.

८ ऑगस्ट, शुक्रवार
सोलांज घरी आली. म्हटलं, घे माझी परीक्षा. तिनं हुंगायच्या तीन कागदी पट्ट्या पुढे धरल्या. मी डोळे मिटून, ऐटीत सांगितलं. पहिली कलोन. दुसरी ओ द त्वालेत. तिसरी एक्स्त्रे, त्यात जाई, तीही पहाटे तोडलेली. जोसेट खिडकीबाहेर बघत राहिली.

सोलांज म्हणाली, पप्पा, तिन्ही नुसत्या पाण्यात बुडवल्यात.

नगरपालिकेच्या पाण्यालाच हल्ली वास मारतो, म्हणालो. कुणी हसलं नाही. भांडलंही नाही. मी तिन्ही पट्ट्या पुन्हा हुंगल्या. कधीपासून येत नाही तुला वास, तिनं विचारलं. मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.

९ ऑगस्ट, सकाळ
आंघोळ दोनदा केली. सोलांज लग्नाच्या पोशाखात खोलीत आली. मामाबिमा काही नाही, तूच चालायचंस, म्हणाली. एक्स्त्रेची बाटली तिनं स्वतः उघडली. माझ्या कानामागे बोट टेकवलं.

एक थेंब लावला म्हणते. लावला असेल.