शिबिर कुणी सुरू केलं

तंजावूर

प्रिय अक्का,

मी सुखरूप पोचले. गुडघा बरा आहे. तुझा खोकला थांबला का?

काल मुलांच्या उन्हाळी शिबिराचा समारंभ झाला. आता प्रमुख असलेल्या भरद्वाजनं इतिहास सांगितला. शिबिर म्हणे त्याच्या वडिलांनी सुरू केलं, आणि मी, त्याची अंबुजामावशी, नुसतं सांबार छान करायचे! बाई सोबत असल्याशिवाय एकही आई मुलाला पाठवेना, तेव्हा राजवाड्यामागच्या गल्ल्यांत दारोदार कोण फिरलं?

भर सभेत बोलायचं नाही ही कॉन्व्हेंट शाळेत लागलेली शिस्त मोडून मी उठले. "भरद्वाजा, कावेरीत पोहायला तुला सांबारानं शिकवलं का रे?"

सगळे हसले. तो खरंच विसरला असता तर मी सोडून दिलं असतं. पण त्यानं मान खाली घातली, म्हणजे त्याला सगळं आठवत होतं.

येत्या रविवारच्या गाडीनं चेन्नईला परतते. जेवायला थांबू नकोस.

तुझी,
अंबुजा