सुरुंगाआधीची हाक

८ फेब्रुवारी १९८८
नाहूरला बिऱ्हाड थाटलं. खाणमालक शेठने डोंगराच्या कुशीत, खाणीला लागूनच दोन खोल्या दिल्यात. विमला खूश आहे. घाटकोपरला तिच्या माहेरी एका खोलीत आठ जण झोपतात. इथे पाय पसरून झोपता येतं आणि स्वयंपाकघराला चक्क दार आहे. दिवसातून चारदा ते उगाचच लावते-उघडते. माझी साकीनाक्याची कंपनी खाणींचे पर्यावरण आराखडे करते, या खाणीचा माझ्याकडे आलाय. धूळ किती उडते, आवाज कुठवर जातो, खोदून संपलेल्या खड्ड्याचं काय करायचं, हे सगळं लिहून सरकारला द्यायचं. सांगलीचे मामा म्हणाले, डोंगर फोडायचा आणि वर त्याची काळजी करायला माणूस ठेवायचा, बरं आहे तुमचं. मामांना काय, टिंगलच सुचते.

११ फेब्रुवारी
इथली एक गंमत. दुपारी एकला सुरुंग उडवतात. त्याआधी सुरुंगवाला धोंडिराम डांबराच्या पिंपावर चढून खाणीतल्या प्रत्येकाला नावाने हाक मारतो. ज्याने त्याने आडोशाला जाऊन ओ द्यायची. सगळ्यांची ओ आली की तो आणखी तीन नावं घेतो. भाऊराव, मथुरा, धर्मा. ओ येत नाही. जरा थांबून मग वात पेटवतो. ही तिघं जुन्या खड्ड्यात दरड कोसळून गेली, सापडलीच नाहीत. मग हाक कशाला, असं मी विचारलं. त्यांना पण समजायला नको का साहेब, सुरुंग लागतोय म्हणून, असं तो म्हणाला. घरी येऊन विमलाला रंगवून सांगितलं. ती मूळची मालवणची. हसली नाही.

२६ फेब्रुवारी
आराखड्यातलं आवाजाचं प्रकरण लिहून झालं. हाकांऐवजी विजेचा भोंगा सुचवला. एकदम आधुनिक. शेठला पटलं, कारण हाकांमध्ये फार वेळ जातो. सगळ्यात खूश धोंडिराम. म्हणाला, घशाची वाट लागली होती साहेब, सुटलो. विमला मात्र म्हणाली, त्या तिघांना कोण सांगणार? मी म्हटलं, भोंगा त्यांनाही ऐकू जाईल गं. माझ्याच विनोदावर मीच हसलो.

१४ मार्च
आराखडा मंजूर. शेठने पेढे वाटले. आज पहिल्यांदा भोंगा वाजला. तो थांबल्यावर, सुरुंग उडण्याआधी जी शांतता असते, तिच्यात जुन्या खड्ड्यातून कुणीतरी ओ दिली. मग दुसऱ्याने. मग एका बाईने. पोरं म्हणाली, कोण मस्करी करतोय रे. मलाही तसंच वाटलं.

१७ मार्च
कमळ गेली.
आमच्या शेजारची, विमलाच्या मालवणकडचीच. खडी फोडायची. पाण्याला ती आणि विमला बरोबर जायच्या. भोंगा झाला, वात पेटली, आणि जुन्या खड्ड्यातून तिच्या नावाची हाक आली. इतक्या वर्षांची सवय. आडोशामागून तिने ओ दिली आणि उठून सरळ हाकेच्या दिशेने चालू लागली. मी ओरडलो. सगळेच ओरडले. धुरळा खाली बसल्यावर तिथे काहीच नव्हतं. काही म्हणजे काही नाही. शेठ म्हणतो, पळाली असेल कुणाबरोबर. डोळ्यांदेखत घडलेलं तो मला असं सांगतो.
मला भीती वाटते. भोंगा मी लिहिला.

१९ मार्च
शेठच्या पाया पडलो. भोंगा बंद करत नाही. मंजूर आराखड्यात आहे, खाली सही तुझीच आहे, म्हणाला. मग धोंडिरामला हातापाया पडून पिंपावर चढवला. त्याने तिन्ही नावं घेतली. तिघांनीही ओ दिली. मग न बोलावताच चौथी ओ आली. कमळची.
धोंडिराम पिंपावरून उतरला तो थेट गावी गेला. माझ्याकडे बघितलंही नाही.

२० मार्च
आज एकला मागच्या दाराशी कमळचा आवाज. "विमल, पाण्याक येतंस गो?" विमलाने तोंड उघडलं. मी हाताने दाबून धरलं. ती चावली. सुरुंग उडेपर्यंत सोडलं नाही. नंतर कितीतरी वेळ रडत होती. म्हणाली, माहीत होतं हो मला, तरी जीभ आपोआप वळली.

२१ मार्च
तिला घाटकोपरला पोचवलं. सासूबाईंना सांगितलं, एकच्या सुमाराला कुणीही हाक मारू दे, हिचं तोंड दाबून धरा. एकही प्रश्न न विचारता त्यांनी मान हलवली. त्यानेच जास्त घाबरलो.
निघताना विमला म्हणाली, तुम्ही पण नका जाऊ. पण मी नाही गेलो तर भोंगा कोण बंद करणार?

२३ मार्च
तिचा भाऊ इथे सांगायला आला होता. सासूबाई नुसत्या डाळ उतरवायला उठल्या. गॅलरीतून कुणीतरी हाक मारली. विमला म्हणाली, "इलंय गो." दार उघडं. चपला तिथेच.
मी काय करू. देवा, मी काय करू.

२४ मार्च
जुन्या खड्ड्याच्या काठावर बसलोय. दोर आणलाय. नवा सुरुंगवाला हसला, साहेब डोकं फिरलं काय. भोंग्याची तार तोडली होती, शेठने जोडून घेतली.
माझं नाव आलं तर ओ द्यायची नाही. काही झालं तरी नाही. मी वर राहिलो तरच तिला ओढून काढता येईल—

भोंगा झाला.
खाली हाका सुरू. भाऊराव, ओ. मथुरा, ओ. धर्मा. कमळ—
विमला.
तिनेच दिली. तिचाच आवाज—

आता माझं. दात आवळून धरलेत. ओ नाही द्यायची, नाही—
नाव येत नाही.
ती माझं नाव कुठे घेते. खालून, रोजच्यासारखंच, जेवायला बोलावताना हाक मारते तसं— अहो, ऐकलंत का—

काय गं