सात बेटं, सात पूल आणि फुलसावंगी

शुक्रवार, १ डिसेंबर १९६१. दिग्रस
ठरलं! सायकलवर मुंबई. शाळेच्या जुन्या नकाशात पाहिलं, मुंबई म्हणजे सात बेटं. या बेटावरून त्या बेटावर, समुद्रावरच्या पुलांवरून वारा खात जायचं. दिग्रसमधून आजवर कोणी गेलेलं नाही. आमची सौ. शोभा म्हणे, मीही येते. समुद्र तिनं पाहिलेला नाही. समजावलं, आधी मी पाहून येतो, मग तुला नेतो. तिनं दोनदा वदवून घेतलं.

सोमवार, ४
रजा मंजूर. शेजारच्या टेबलावरचा वामन म्हणे, बेटं कायची घेऊन बसला, भर घालून कवाचीच एक केली. मामाकडे एकदा मुंबईला जाऊन आला, तेवढ्यावर हा शहाणपणा. नकाशात निळं चक्क दिसतं. जळतो लेकाचा.

बुधवार, ६. पहाटे ५
आजपासून प्रॅक्टिस. रोज दहा मैल.
सकाळी ८. थंडी फार. उद्यापासून वीस.

शनिवार, ९
जास्त प्रॅक्टिसनं पाय थकतात. म्हणून राखून ठेवले. अरुणावतीच्या पुलावर मात्र जाऊन आलो. खाली पाहिलं अन् भोवळ आली. पाणी घोटाभर. समुद्रावर होईल सवय.

रविवार, १०
वाचनालयात सत्कार. हार, नारळ. शोभानं ओवाळलं. अध्यक्ष नागोराव मला दर्यावर्दी म्हणाले. उत्तरादाखल चाळीस मिनिटं बोललो. निघायला ऊन झालं.
दुपारी ३. दारव्हा रोड. सहा मैल. चढ आहे. नकाशात नव्हता.
संध्याकाळी. प्लॅनमध्ये किरकोळ बदल. उलटी पुसदची एसटी पकडली. तिथून फुलसावंगीला सुनीतीताईकडे आराम, मग नव्या दमानं. सायकल टपावर. गाडी दिग्रस स्टँडवरच दहा मिनिटं थांबते, हे लक्षात नव्हतं. पंचा डोक्यावरून घेऊन खाली वाकलो. कोणाच्या बापाला कळलं नाही. हार हँडललाच राहिला होता, पण टपावर कोण बघतो?

मंगळवार, १२. फुलसावंगी
ताई म्हणे, काहून आला रे? म्हटलं, मुंबईले जाऊन राह्यलो. म्हणे, इकडून? अन् भाकर वाढली. शोभाला काळजी नको म्हणून कार्ड टाकलं: पहिला पूल पार केला, खाली निळं पाणी, वर पांढरे पक्षी. हे खोटं नाही, आगाऊ आहे. दोन दिवसांत चारशे मैल कसे झाले, हे कोण मोजतं!

शुक्रवार, १५
दुसरा अन् तिसरा पूल एकाच कार्डात. पोस्टमन उकंडाला म्हटलं, शिक्का जरा फिक्का मार. म्हणे, सरकारचा शिक्का हाय साहेब, दाबूनच बसते. वरून विचारतो, पाणी लई खारं लागलं का? हरामखोर लोकांची कार्डं वाचतो.

सोमवार, १८
चौथं बेट. शोभाला लिहिलं, तुझी फार आठवण येते. हे मात्र खरं आहे. उद्या निघतोच. उद्या ताईकडे पुरणपोळी आहे. परवा निघतो.

शनिवार, २३
शोभाचं कार्ड. पत्ता: बेट क्रमांक चार, मु. पो. फुलसावंगी, तालुका पुसद. बरोबर पोचलं. उकंडानं ओट्यावर उभं राहून मोठ्यानं वाचलं.
लिहिते, तुमची कार्डं वाचनालयात वाचून दाखवतात, बसायला जागा पुरत नाही. सायकल त्या दिवशीच सगळ्या स्टँडनं पाहिली. मीही पाहिली. वाटलं, लाज वाटून दोन दिवसांत याल. शेजारच्या हंसाबाई लेकीकडे मुंबईला निघाल्या आहेत, त्यांच्यासंगं मीही जाते. किल्ली नागोरावांकडे आहे. तांदूळ निवडलेले आहेत.
ताई हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं.
कार्डावर तारीख गुरुवारची. म्हणजे एव्हाना तिनं समुद्र पाहिला. मलेही पाह्यचा होता, अगदी मनापासून. कसा आहे, हे तिला विचारावं म्हणून कार्ड काढलं, मजकूर लिहिला. तिचा मुंबईचा पत्ता माझ्याकडे नाही.