तीन पायांच्या स्टुलाची माफी

प्रिय रंधाबहाद्दर यास,

तुझ्या एकेकाळच्या भागीदाराचा नमस्कार. इकडे सर्व ठीक, गुडघे तेवढे माझं ऐकत नाहीत. तुझी पाठ कशी आहे? वहिनींना नमस्कार सांग. (त्यांच्याशी माझं भांडण कधीच नव्हतं.)

पत्रास कारण की, तुझी माफी पोचली आणि मी ती स्वीकारली आहे. सात वर्षं लागली तुला, पण असो. त्याचं झालं असं, गेल्या महिन्यात सहज (अगदी सहज, गैरसमज नको) मी तुझ्या फर्निचरच्या कारखान्याची वेबसाइट उघडली. पाहतो तर काय, मी बनवलेल्या ज्या तीन पायांच्या स्टुलावरून आपण वेगळे झालो, 'यावर बसणारा पडेल आणि बोलणी आपण खाऊ' म्हणून जे तू सगळ्या कामगारांदेखत उलटं करून ठेवलंस, तेच तिथे ऐटीत उभं! मी तडक वेबसाइट बंद केली. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर नातवाचे फोटो बघत होतो, तर मध्येच तेच स्टूल आणि खाली, "अजून विचार करताय?" संध्याकाळी, "तुम्ही काहीतरी मागे सोडून आलात." तिसऱ्या दिवशी तर हद्द झाली, "परत या, आम्ही वाट पाहतोय." अरे, चारचौघांत इतकं? मला गहिवरून आलं. बातम्या वाचताना तू आलास, दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलो होतो तिथेही आलास. एवढा पाठलाग तू लग्नाआधी वहिनींचाही केला नव्हतास. शेवटी म्हटलं, माणूस इतका काकुळतीला आलाय तर आपणच मोठं मन करावं. तर, माफ केलं. स्टुलाची कल्पना माझी होती, एवढं फक्त लिहून दे.

तुझा,
पॉलिशवाला

ता. क. – पाकीट बंद करण्याआधी पत्र सुनेला वाचून दाखवलं. हसून हसून तिची मुरकुंडी वळली. म्हणते, यातलं काहीच तू करत नाहीस. तुझ्या वेबसाइटवर जो डोकावेल त्याची नोंद होते आणि त्यानं पाहिलेली वस्तू जाहिरात होऊन त्याच्या मागे लागते. (तिच्या मागे सध्या एक इस्त्री आहे.) तेव्हा वरची माफी रद्द समजावी.

ता. क. २ – माझी दया येऊन सुनेनं काल मोबाइलमधलं काहीतरी बंद केलं आणि तुझी जाहिरात थांबली. आता नातवाचे फोटो सलग दिसतात, मध्ये तू नसतोस. खरं सांगतो, करमत नाही. स्टुलावरून भांडलो त्या दिवशी तुझ्यापेक्षा मीच जास्त बोललो होतो, हेही मला ठाऊक आहे. जाहिरातीचं राहू दे, तू स्वतः फोन कर. नंबर तोच आहे.