दोरीवरच्या ट्यूबा

अदनान,

फेरीवरून आलास की आधी शेडमध्ये जा. काशीदच्या शेठची ती जुनी गाडी उद्या वरातीला हवीय, म्हणून अब्बांनी सकाळीच चारी चाकांना नवे टायर बसवले. मग पंप मारत बसले, तर हवा राहीना. पंपाला शिव्या घालून झाल्या. मी वाळलेले कपडे काढायला मागे गेले, तर काय. चारी ट्यूबा दोरीवर, काल त्यांनीच पावडर लावून, चिमट्यांनी अडकवलेल्या. तारांच्या चाकात ट्यूब नसली तर हवा ठरत नाय, हे मला लग्न झाल्यावर त्यांनीच शिकवलं होतं.

दाखवल्या तर मलाच विचारतात, या कुणी वाळत घातल्या?

त्यांना अलिबागला डॉक्टरकडे नेतेय. बीपी बघायचंय असं सांगितलंय, तूही तेच सांग. आमटी करपलीय, वरवरची घे.

टायर उतरव, ट्यूबा घाल, हवा भर. शेजारी कुणाला बोलू नको. आल्यावर ते टायरवर थाप मारून बघतील. कुणी बसवले विचारलं, तर ‘तुम्हीच’ म्हण.

अम्मी