मागच्या खोलीचा भाडेकरू

२६ फेब्रुवारी
आलो एकदाचा! थोरल्या भावाच्या माघारी हे शेतावरचं घर माझ्या वाट्याला आलं. पुढे तीन खोल्या, मागे आवारात एक सुटी खोली, आणि मैलभर चिटपाखरू नाही. टाइपरायटर खिडकीशी मांडला. दुपारी लेकीचा फोन आला. चार वर्षांचा अबोला तिनेच मोडला. इथे कायमची राहायला येते म्हणाली, फक्त तिला स्वतंत्र खोली हवी. मी इतका हरखलो की चहात दोनदा साखर घातली.

अडचण एवढीच की मागच्या खोलीत दादाचा भाडेकरू आहे. करार महिन्या-महिन्याचा.

२८ फेब्रुवारी
भाडेकरूला भेटलो. माझ्याच वयाचा, माझ्याच चणीचा, हसतमुख. दूधवाल्याच्या मते माणूस महाबिलंदर. दादाने तीन नोटिसा दिल्या, हा जागचा हलला नाही. पण आता गाठ माझ्याशी आहे. वकिलाच्या कचेरीत चाळीस वर्षं नोटिसा टाइप केल्या, त्याही मजकूर न वाचता. वाचत बसलं की वेग जातो, असं आमचे हेडक्लार्क सांगत. महिन्याच्या मुदतीची नोटीस त्याच्या हातात दिली. त्याने ती सावकाश दोनदा वाचली आणि टाइप सुबक आहे म्हणाला.

१४ मार्च
भांडण नाही, तंटा नाही. रोज सकाळी ओसरीवर येऊन बसतो आणि विचारत राहतो. लेक लहानपणी कशी होती, तिला लाडाने काय म्हणायचो, बायको कशाने गेली, लेकीने अबोला का धरला. मी सांगत सुटतो. खरं सांगायचं तर बायको गेल्यापासून माझं इतकं कुणी ऐकूनच घेतलं नव्हतं. नोटीस दिल्याचं आज वाईट वाटलं.

३१ मार्च
भाडेकरूने मुदत पाळली. सकाळी दहाला किल्ली आणून दिली, सोबत त्याच्या हातचा कागद, खाली कार्बन लावून. पोचपावती असणार. त्याने बोट ठेवलं तिथे सही ठोकली, माझी प्रत खिशात टाकली. फाटकापर्यंत सोडायला गेलो. परतलो तर घर खायला उठलं. लेक पाच तारखेला येतेय, तोवर कसेबसे दिवस काढायचे.

२ एप्रिल
मागची खोली झाडायला गेलो. आत माझा टाइपरायटर. माझं अंथरूण, माझ्या गोळ्या, ही रोजनिशीसुद्धा. मी यातलं काही नेलेलं नाही. घराकडे धावलो तर माझी किल्ली कुलपात फिरेना. आतून कुणीतरी खोकलं. खोकला माझाच, कोरडा.

३ एप्रिल
दूधवाल्याने दूध मागच्या खोलीच्या पायरीवर ठेवलं. मालकांनी तुमच्याशी बोलायला मनाई केलीय म्हणाला. कोण मालक, असं विचारलं, तर त्याने घराकडे बोट दाखवलं. ओसरीवर तो उभा होता. माझा चष्मा लावून.

४ एप्रिल
खिशातला कागद आज वाचला. मागची खोली महिन्या-महिन्याच्या कराराने भाड्याने घेत आहे. खाली भाडेकरूची सही. माझी.

फाटकाबाहेर पाय उचलत नाही. फोन घरात आहे. तो तिच्याशी बोलतोय, माझ्या आवाजात. तिला ‘चिमणे’ म्हणतोय — मीच सांगितलं होतं —

५ एप्रिल
दुपार. ती आली. बारीक झालीय. मी हाका मारल्या. तिने वळून पाहिलं, अनोळखी माणसाकडे पाहावं तसं — मग त्याच्या गळ्यात पडून रडली. ते रडणं माझ्या वाट्याचं होतं.

हे कोण, असं तिने विचारलं. जुना भाडेकरू, जरा त्रासदायक आहे, म्हणाला. खोली महिन्याभरात तुला मिळेल.

आता ती एकटीच इकडे येतेय. हातात कागद.

तिला काहीतरी असं सांगायला हवं, जे फक्त मला ठाऊक आहे. त्याला न सांगितलेलं. तिची पहिली सायकल — सांगितलंय. तापात उशाशी बसून काढलेला आठवडा — तेही. तिच्या आईचे शेवटचे शब्द — सांगितलेत, सगळंच सांगितलंय — एक तरी, एखादं तरी —

पायरीवर आली. चिमणे, मी —